माठ पारखावा कसा, कुंभाराला गाठावं कधी

मार्च लागला की आठवडी बाजारात माझ्या पालासमोर दर खेपेला हेच होतं. बाई येते, माठांच्या रांगेवरून नजर फिरवते, त्यातला सगळ्यात लालभडक आणि गुळगुळीत माठ उचलते, "केवढ्याचा?" विचारते, वीस-तीस रुपये पाडून घेते आणि निघते. माठ तिने ना आतून पाहिला, ना वाजवला. गिऱ्हाईक झालं म्हणून मला बरं वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. त्याच रांगेत मागे एक माठ असतो, पोटावर काळा डाग पडलेला, दिसायला साधा. त्याच्यात पाणी जास्त गार झालं असतं. तो मी संध्याकाळी परत टेम्पोत भरून घरी आणते.

मी नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. झाडीपट्टी, धानाचा मुलूख. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आले. माहेरीही मातीचंच काम, पण तिकडे बाबा कवेलू थापायचे. घरांवर टिना आल्या आणि कवेलू गेले. सासरी माठ-मडक्यांचं काम. चाकावर मामाजी, म्हणजे माझे सासरे बसायचे, थापटणं आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या हातात. बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत होती. मग मामाजींचे गुडघे गेले, घरात विजेचं चाक आलं, आणि त्यांनीच मला म्हटलं, "बस तू. हात तुह्याच चांगला हाय." तेव्हापासून दोन्ही कामं माझ्याकडे आहेत.

हे लिहिते आहे ते मातीची भांडी घेणाऱ्यांसाठी. शेवटी थोडं माझ्यासारख्या मातीत हात असणाऱ्यांसाठीही आहे.

चाकावर माठ अर्धाच होतो

चाक फिरताना पाहायला सगळ्यांना आवडतं. शाळेची पोरं येतात तेव्हा चाकाभोवतीच उभी राहतात. पण माठाचं पोट चाकावर होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. तेवढं एक कळलं की भांडं पारखायचं अर्धं काम झालं समजा.

आधी माती. आमच्याकडे ती तलावाच्या किंवा बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या पोटातून येते. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. उन्हाळ्यात ते आटले की तळाचा गाळ मिळतो. नुसत्या काळ्या मातीचा माठ होत नाही. ती माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की भांडं तडकतं. वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याच कारणाने. म्हणून गाळात पिवळी माती आणि चाळलेली रेती घालायची, थोडं धानाचं तूस किंवा लीद घालायची. तूस आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. माठ पाणी पाझरवतो तो या छिद्रांतून आणि मातीच्या कणांमधल्या फटींतून.

माती दोन दिवस भिजते, मग पायाने तुडवायची. तुडवताना टाचेला खडा लागला की थांबून तो काढायचा. हे काम घाईचं नाही. घाई केली की काय होतं ते पुढे सांगते.

चाकावर फक्त काठ, गळा आणि खांदा होतो. दोऱ्याने कापून उतरवलेल्या त्या भांड्याला तळ नसतो, भिंत अंगठ्याएवढी जाड असते. ते सावलीत थोडं घट्ट होऊ द्यायचं. मग मांडीवर घ्यायचं, डाव्या हातात गोल गुळगुळीत गोटा धरून तो आत घालायचा, उजव्या हातात लाकडी थापटणं. राख भुरभुरवायची म्हणजे माती चिकटत नाही. आत गोटा जिथे, बाहेर मार तिथेच. जरा चुकलं की भिंत आत बसते. एका माठाला अशा तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीनंतर तो पुन्हा सावलीत जातो. पहिल्या फेरीत तळ मिटतो, दुसरीत पोट सुटतं, तिसरीत भिंत सगळीकडे सारखी पातळ होते.

आत्याबाई हे काम डोळे मिटून करायच्या. मी नवी होते तेव्हा वाकून वाकून पाहायची, तर म्हणायच्या, "पाहू नोको, आयक." भिंत जाड असली की थापटणं ठप्प वाजतं. पातळ होत गेली की आवाज मोकळा होत जातो, आणि सगळ्या अंगाला एकच आवाज यायला लागला की थांबायचं. मला हे जमायला दोन उन्हाळे लागले.

पालासमोर उभं राहून काय बघायचं

आधी माठात हात घाला. कोपरापर्यंत घाला, कुंभाराला राग येत नाही. हाताने थापटलेल्या माठाच्या आत बोटांना उथळ खळगे लागतात, एकाशेजारी एक. तो गोट्याचा ठसा. साच्यातल्या माठाला आत असे खळगे नसतात आणि बहुतेकदा पोटाच्या मधोमध जोडाची रेघ सापडते. साच्याचा माठ वाईटच असतो असं मी म्हणत नाही, पण तो हाताचा म्हणून विकला जात असेल तर तुम्हाला ओळखता आला पाहिजे.

मग उचलून बघा. दोन सारख्या आकाराच्या माठांत हलका माठ सहसा चांगला थापटलेला असतो. तळाला जड आणि खांद्याला हलका लागला तर भिंत एकसारखी नाही.

मग वाजवा. माठ जमिनीवर ठेवून वाजवला तर आवाज दबतो. काठाखाली तळहात देऊन अधांतरी धरा आणि बोटाच्या पेराने पोटावर टिचकी मारा. पक्का माठ घंटेसारखा खणकन वाजतो आणि आवाज थोडा रेंगाळतो. चीर असेल, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो, तर आवाज फाटका येतो. कच्चा भाजलेला असेल तर थडथड. एकाच माठाला तीन-चार जागी वाजवा. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी वाजवून कोण कच्चं कोण पक्कं ते पाहिलं, ही गोष्ट आमच्या घरात मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. पण भाजलेल्या माठावर तुम्ही थापटणं किंवा चावी मारू नका. पेर पुरतं.

मग माठ सूर्याकडे धरून काठातून आत बघा. प्रकाशाचा ठिपका दिसला तर ते आरपार छिद्र आहे, तो घेऊ नका.

रंगाचं जरा सविस्तर सांगते, कारण फसगत इथेच होते. आम्ही भाजायच्या आधी काव लावतो. काव म्हणजे लाल मातीच, ती भिंतीत मुरते आणि तिने छिद्रं बुजत नाहीत. पण बाजारात ऑइलपेंट मारलेले, चकचकीत वार्निशचे, फुलं रंगवलेले माठही येतात. ते पाहुण्यांच्या खोलीत शोभून दिसतात, पाणी मात्र गार करत नाहीत. रंगाने माठाचं अंग बंद केलेलं असतं. नाकाजवळ धरा. मातीचा वास आला पाहिजे, रंगाच्या डब्याचा नको. ओलं बोट अंगावर टेकवून बघा. चांगला माठ ते पाणी लगेच पिऊन टाकतो आणि बोट ओढल्यासारखं वाटतं. रंगवलेल्यावर थेंब तसाच बसून राहतो.

आणि तो काळा डाग. गिऱ्हाईक त्याला जळका म्हणतं. आमचा आवा उघडा असतो. खाली गोवऱ्या, त्यावर मडकी, मधे तणस, वरून खापऱ्या आणि राख-मातीचा थर. संध्याकाळी पेटवला की रात्रभर धुमसतो आणि त्याला निवायला पुढे दीड-दोन दिवस लागतात. ज्या जागी माठ दुसऱ्या माठाला टेकला किंवा गोवरीत दबला, तिथे हवा पोचली नाही, धूर मुरला आणि डाग पडला. मजबुतीत काही फरक नाही. याच धुराचा जुन्या लोकांनी मुद्दाम उपयोग केला होता. नागपूरजवळ माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे शिळावर्तुळं, म्हणजे गोलात दगड मांडलेली जुनी दफनं खोदली तेव्हा लोखंडी वस्तूंबरोबर काळी-तांबडी भांडी निघाली, दोन हजार वर्षांहून जुनी. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. अशी भांडी उपडी ठेवून भाजत असावेत असं अभ्यासक सांगतात. आत हवा नाही म्हणून काळं, बाहेर हवा म्हणून तांबडं. माझ्या माठाचा डाग चुकून पडतो, पण आहे तो त्याच घराण्यातला.

एक दोष मात्र खरा आहे आणि त्याची शिक्षा मी भोगली आहे. माठाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मोहरीएवढे किंवा ज्वारीएवढे, तर तो माठ ठेवून द्या. आपल्या विदर्भाच्या जमिनीत चुनखडीचे खडे फार. ते मातीत राहून गेले तर आव्याच्या उष्णतेने, म्हणजे ७०० ते ९०० अंशांच्या आसपास, त्यांचा कळीचा चुना होतो. माठ बाहेर निघतो तेव्हा ठणठणीत असतो. पण तो चुना हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची खपली उडवून लावतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तलावात पाणी टिकून राहिलं, गाळ मिळाला नाही, म्हणून मी दुसरीकडून एक ट्रॉली माती घेतली. बाजार तोंडावर आला होता, तुडवताना खडे नीट वेचले नाहीत. साठ माठ विकले. पंधरा दिवसांत लोक परत यायला लागले. एका म्हाताऱ्या मावशीने माठ आणला, त्याच्या पोटाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा कण. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसता माठ माझ्यापुढे ठेवला. जे जे परत आले त्या सगळ्यांना मी बदलून दिले. त्या उन्हाळ्यात हाती काही उरलं नाही. तेव्हापासून माती कोरडी असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळते, आणि नवीन जागची माती आली की आधी चार पणत्या करून, भाजून, आठवडाभर ओल्या फडक्यावर ठेवून बघते. दुसऱ्या कुंभारांनाही हेच सांगते.

गळतो म्हणून परत आणू नका

शाळेतले एक गुरुजी नवीन बदलून आले होते, समुद्राकडचे. दुसऱ्या दिवशीच माठ घेऊन दारात. "ताई, हा गळतो." मी माठाखाली हात फिरवला. सगळ्या अंगाला बारीक घाम, थेंब कुठे नाही. म्हटलं, "गुरुजी, गळत नाही, पाझरतो. आत पाणी कसं आहे?" ते म्हणाले, "गार आहे की!" मग दोघंही हसलो.

बाहेर आलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, ती आतल्या पाण्यातली. माझी मुलगी विज्ञान शाखेत आहे, तिने हिशेब करून दाखवला. १ लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढ्यात ५० लिटरहून जास्त पाणी १० अंशांनी निवेल. बाहेरचं ऊनही आत घुसत असतं म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण काम कसं चालतं ते कळतं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर वाळतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५च्या घरात असतो आणि ओठ फुटावेत इतकी हवा कोरडी. माठासाठी याहून चांगला मुलूख शोधून सापडणार नाही. गुरुजींच्या गावी दमट हवेत माठ एवढा गार होत नसणार. आणि श्रावणात तुमच्या माठातलं पाणी गार लागलं नाही तर माठाला बोल लावू नका.

पाझर आणि गळती यांतला फरक सोपा आहे. पाझर सगळ्या अंगाला सारखा असतो. गळती एका जागी असते, तिथून थेंब धावतो. गळती असेल तर जरूर परत आणा. आणाच. माठ फुटला, गळला, खपली उडाली, तर कुंभाराला सांगितल्याशिवाय गप्प बसून पुढच्या वर्षी प्लास्टिकचा जार घेणं हे आम्हाला सगळ्यात महागात पडतं. काय चुकलं हेच कळत नाही.

घरी नेल्यावर माठ रात्रभर मोठ्या टाक्यात किंवा हौदात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने आतून घासा. पहिली दोन भरणी झाडांना घाला, तिसरी प्या. साबण कधीच नाही, छिद्रांत शिरलेला साबण निघत नाही. माठ ठेवायचा तो सावलीत, पण वाऱ्यावर. घराच्या कोपऱ्यात कोंडला तर गार होणार नाही. खाली तिवई, नाहीतर घमेल्यात ओली रेती. दुपारी तरटाचा ओला तुकडा गुंडाळला तर उत्तमच. आठ दिवसांनी एकदा रिकामा करून तासभर उन्हात पालथा घाला.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. महिन्या-दोन महिन्यांत माठाच्या अंगावर पांढरी साय धरते, ती क्षारांची. चिंचेच्या कोळाने घासली की बरीचशी निघते. तरी एका उन्हाळ्यानंतर छिद्रं बुजत जातात आणि दुसऱ्या वर्षी माठ तेवढा गार करत नाही. यात दोष कोणाचा नाही. जुन्या माठात बियाणं ठेवा. नाहीतर लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, वर झाकणी. मुळांना थेंब थेंब पाणी मिळत राहतं आणि भर उन्हाळ्यात रोप जगतं.

चुलीवरची भांडी

पाण्याचा माठ आणि रांधायचं मडकं यांची माती वेगळी. रांधायच्या मडक्यात आम्ही रेती जास्त घालतो, म्हणजे आच लागली की ते तडकत नाही. म्हणून घेताना विचारा, "यात रांधता येते का?" खरा कुंभार नाही असेल तर नाही सांगेल.

नवीन मडकं एक रात्र भिजवा, मग त्यात मंद आचेवर तांदळाची पेज करा आणि त्यातच निवू द्या. पेजेचा चिकटपणा बारीक फटींत बसतो. त्यानंतर लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, मासोळीचा रस्सा, काय वाट्टेल ते करा. तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतू नका, ओलं मडकं मोठ्या आचेवर ठेवू नका, गॅसवर ठेवायचं तर खाली जाळी किंवा तवा ठेवा. चकचकीत काचेसारखं लुकण असलेलं स्वस्त भांडं दिसलं तर त्यात आंबट रांधू नका. कमी आचेवर भाजलेल्या अशा लुकणात शिसं असू शकतं. लुकण कशाचं आहे ते विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर ते भांडं शोभेला ठेवा.

लांब रोटीचा मटका हा आमच्याकडचा खास प्रकार. चुलीवर उपडा ठेवायचा आणि सैल भिजवलेली कणीक हातावर झुलवत लांबवून त्याच्या पाठीवर टाकायची. या मटक्याला आतून थेट जाळ लागतो, म्हणून तो पाण्याच्या माठातून निवडू नका. मुद्दाम सांगून करवून घ्या. रोट्या करणाऱ्या बाया स्वतः येऊन पाठीवरून तळहात फिरवून घेतात, कुठे उंचवटा लागला तर बाजूला ठेवतात. त्यांच्याएवढं बारीक गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्यांच्यासाठी काम करायला मला फार आवडतं.

कुंभाराला गाठायचं कधी

आमचं वर्ष असं चालतं. संक्रांतीला सुगडं, मग जानेवारी-फेब्रुवारीपासून माठ. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाणी भरायला नवी घागर लागते, तिथवर माठांचा जोर. मे महिन्यात तलावातून माती आणून साठवायची. पावसाळ्यात काहीच वाळत नाही, हात रिकामे. पोळ्याला ज्यांच्या गोठ्यात जोडी नाही त्यांच्या देव्हाऱ्यासाठी मातीचे बैल, मग नवरात्राचे घट, मग दिवाळीच्या पणत्या, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत पाल लावायचं.

यातला कठीण काळ आषाढ-श्रावण. पैसे नसतात, आणि नेमकं तेव्हाच दिवाळीचं जळण आणि गोवऱ्या घेऊन ठेवायच्या असतात. तुम्हाला दिवाळीत शंभर पणत्या लागणार हे तुम्हाला श्रावणातही माहीत असतं. तेव्हा या, सांगा आणि निम्मे पैसे देऊन जा. भावात घासाघीस न करण्यापेक्षाही हे मोठं आहे. शहरातल्या एका दुकानदाराने एकदा मला दोन हजार पणत्या सांगितल्या, विसार दिला नाही. दिवाळीला आठ दिवस असताना त्याला साच्याच्या पणत्या स्वस्तात मिळाल्या आणि माझ्या टोपल्या घरातच राहिल्या. तेव्हापासून विसाराशिवाय मी मोठं काम धरत नाही. नव्या मुलामुलींनीही धरू नये.

भावाचं म्हणाल तर यंदा मधला माठ मी १८० रुपयांना दिला. माती, वाहतूक, जळण, बाजाराची पावती, टेम्पो आणि आव्यात फुटणारे, हे सगळं त्यात आलं. शंभर माठ लावले तर दहा-बारा फुटके किंवा वाकडे निघतात. हातात पैसे कमी असतील तर भाव पाडण्याऐवजी विचारा, "तिरपा एखादा हाये का?" काठ जरा वाकडा, पण वाजतो चांगला, असा माठ प्रत्येक पालाच्या मागे असतो. तो मी खुशीने कमी पैशांत देते.

शेतकरी बंधूंना एक सांगायचं आहे. तणस, तूस, कुटार, पराटी, तुराटी यांतलं जे वावरात पेटवून देणार असाल, ते पेटवण्याआधी गावातल्या कुंभाराला एक फोन करा. तलावाचा गाळ काढून शेतात टाकायचं काम हल्ली खूप गावांत चालतं. चांगलंच आहे. फक्त जेसीबी लागला की त्यातल्या चार ट्रॉल्या चिकण गाळ कुंभाराच्या दारात पडावा, हे ग्रामसभेत कोणीतरी बोलायला पाहिजे. आमची एक-दोन घरं, आमचा आवाज तिथे पोचत नाही. तुमचा पोचतो.

शिकलेल्या पोरापोरींना कागदाचं काम करता येईल. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्यातल्या १८ धंद्यांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पहिली पडताळणी गावपातळीवर. म्हाताऱ्या कुंभारांचा अंगठा मशीनवर उमटत नाही, आधारला मोबाईल जोडलेला नाही, अशाच गोष्टींवर काम अडतं. एक दुपार त्यांच्यासोबत जाऊन बसा.

आणि वेळ काढून भद्रावतीचा ग्रामोदय संघ बघा, मातीकामासाठी तो नावाजलेला आहे. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय बघा. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी ते उघडलं, ग्रामोद्योगांसाठी. मुलांना घेऊन जा. गाडगं म्हणजे काय हे ज्या मुलखात गाडगेबाबा जन्मले तिथल्या मुलांना चित्रात दाखवावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या माणसांशी

माझ्याकडे रांजण मागायला लोक येतात. मी रांजण करत नाही, माझे हात तेवढे लांब पोचत नाहीत. तीन कोसांवर एक काकाजी आहेत, त्यांच्या रांजणाला तोड नाही. मी त्यांच्याकडे पाठवते. पाठवताना फोन करून सांगते, "काकाजी, माणूस येऊन राहिला, चांगला द्या." त्यांच्याकडे लांब रोटीचा मटका मागणारं कोणी आलं की ते माझं नाव सांगतात. यात मधे कोणी काही घेत नाही. सुरुवातीला यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे पटत नव्हतं. म्हणायचे, आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात काहून पाठवते? पण रांजण घेऊन परत जाताना तो माणूस माझ्याकडून माठ घेऊन गेला, पुढच्या वर्षी शेजाऱ्याला घेऊन आला.

एकाच बाजारात दोन पालं असली तर सकाळी मालाची मांडणी करण्याआधी भाव बोलून घ्या. दुपारनंतर एकाने वीस रुपयांनी उतरवला की दुसऱ्याला उतरावाच लागतो, आणि पुढच्या बाजारी गिऱ्हाईक तिथूनच सुरुवात करतं. जळण आणि माती मिळून मागवा. आवा अर्धा भरत असेल तर शेजारच्या घराला विचारून पूर्ण लावा. अर्ध्या आव्यालाही जळण जवळपास तेवढंच लागतं. आणि कोणाच्या मालात दोष दिसला तर गिऱ्हाईकासमोर बोलू नका, संध्याकाळी घरी जाऊन सांगा. माझ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या वेळी काकाजींनी तसंच केलं होतं. ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि चाळणीचा नंबर सांगून गेले.

घेणाऱ्यांना आणखी एक काम आहे. माठ फुटला तर खापऱ्या उकिरड्यावर टाकू नका. बाजाराच्या दिवशी पिशवीत घालून माझ्या पालावर आणून द्या. आवा लावला की वरून झाकायला खापऱ्याच लागतात, आणि मोठ्या पोटाच्या माठाची रुंद खापरी त्याला सगळ्यात चांगली.